गावाचं संग्रहालय: आधी रजिस्टर, मग खोली

आमच्या संग्रहातली पहिली वस्तू एक पायली आहे. धान्य मोजायची, काठाला पितळी पट्टी मारलेली. चैत्रातल्या एका दुपारी भंगारवाल्याच्या हातगाडीवर ती उलटी पडलेली दिसली. वाचनालयाच्या दारातच त्याला थांबवलं, चाळीस रुपये दिले आणि पायली आत आणून टेबलावर ठेवली. ती कोणत्या घरातून उचलली हे मात्र विचारायचं राहून गेलं. आठवडाभरानं सुचलं, तोवर भंगारवाला पुढच्या गावांना निघून गेला होता. आज रजिस्टरमध्ये त्या पायलीपुढे "कोणाची: माहीत नाही" असं लिहिलेलं आहे आणि ते वाचलं की अजूनही लाज वाटते.

गावात छोटं संग्रहालय उभं करावं असं हल्ली बऱ्याच ठिकाणी कोणाच्या तरी मनात येतं. कुठे शाळेची जुनी खोली रिकामी असते, कुठे वाड्याची ढेलज. खोली मिळते, रंग होतो, आमदारांच्या हस्ते फीत कापली जाते आणि तीन पावसाळ्यांत तिथं वाळवी आणि कुलूप एवढंच उरतं. म्हणून हा लेख उलट्या टोकानं लिहितोय. खोलीचा विषय शेवटाकडे येईल.

कुंपण आधी घाला

संग्रहालयाचा 'कायमचा संग्रह' म्हणजे ज्या वस्तू आपण विकणार नाही, परत देणार नाही आणि सांभाळणारच, असा शब्द दिलेल्या वस्तू. शब्द मोठा आहे, तेव्हा तो कशाकशासाठी द्यायचा हे आधी ठरवा. एका पानात मावेल असं धोरण लिहून काढा: कोणत्या गावांच्या वस्तू घेणार, कोणत्या काळातल्या घेणार आणि कोणत्या घेणार नाही.

आमचं गाव वर्धा नदीच्या पूर्वेला, काठापासून जवळच. नदीपलीकडे वऱ्हाड, अलीकडे जुना मध्यप्रांत. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे तिथं रयतवारी आली, म्हणजे शेतकऱ्यानं सारा थेट सरकारला भरायचा. आमच्या बाजूला मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा; ती १९५१ मध्ये संपली. एकाच नदीच्या दोन काठांवर शेतसाऱ्याच्या दोन तऱ्हा, म्हणून कागदही दोन तऱ्हांचे. लेकी मात्र या काठावरून त्या काठावर नांदायला जातात, त्यामुळे पलीकडची भांडी अलीकडे आणि अलीकडची पलीकडे. आम्ही आमच्या काठावरची सात गावं धरली. पलीकडून सुनेसोबत आलेलं भांडं चालेल, पण ते या सात गावांतल्या घरात वापरलेलं असलं पाहिजे. तुमचं कुंपण वेगळं असेल. भंडारा-गोंदियाकडे असाल तर एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचं लाभक्षेत्र घेता येईल, म्हणजे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यापासून मासे धरणाऱ्या ढिवराच्या जाळ्यापर्यंत सगळं एका धाग्यात येतं.

नकाराची यादी लांब असू द्या. आमची सुरुवात अशी आहे: जातं चौथं नको. पाटा-वरवंटा तर मुळीच नको, दोन आहेत. हे आधी लिहून ठेवलेलं असलं की दारात आलेल्या माणसाला नाही म्हणताना आपण वाईट ठरत नाही, कागद वाईट ठरतो. "मास्तर, हे न्या बा, घरात नुसती अडचन होऊन रायली," म्हणत लोक काय काय आणतात! एकानं बंद पडलेलं कूलर आणलं होतं.

मालकी कोणाची, हेही याच टप्प्यावर ठरवा. व्यक्तीच्या नावावरचा संग्रह त्या व्यक्तीनंतर वाटणीत जातो. ग्रामपंचायत, नोंदणी झालेलं वाचनालय किंवा सार्वजनिक न्यास, यांपैकी एकाच्या नावावर संग्रह असावा आणि ग्रामसभेचा तसा ठराव असावा. ती संस्था बंद पडली तर वस्तू कोणाकडे जातील, हे एक वाक्य ठरावात आवर्जून घाला.

घरं फिरा, पण रिकाम्या हातानं परत या

पहिल्या फेरीत काहीही घ्यायचं नाही, फक्त पाहायचं. फोनवर फोटो, वहीत घराचं नाव, वस्तू कुठे ठेवलेली आहे आणि अजून वापरात आहे का, एवढं टिपायचं. तुरी निघाल्यावर, उन्हं तापायच्या आधीचे दिवस याला बरे. माणसं घरी सापडतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर सोडूच नका. त्या दिवशी माळ्यावरचे लाकडी नंदी आपणहून रस्त्यावर येतात. आजोबांचा नंदी ओढणारं पोरगं सोबत आजीलाही घेऊन येतं, आणि आजीजवळ गोष्ट असते.

फिरताना एक भूल पडते. वाड्यातल्या वस्तू देखण्या असतात, म्हणून वह्या वाड्यांनीच भरतात. मालगुजाराची दमणी (हलकी बैलगाडी), घोड्याचं खोगीर, पितळी समई, झुलती बंगई. पण गावात वाडा एक असतो. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं घोंगडं, पाडव्याला ठरलेल्या सालाचा चुरगळलेला कागद, कापूस वेचताना कमरेला बांधायचा ओटा, बुरडाची वाकलेली सुरी हेसुद्धा गावच आहे. आमच्या एका वस्तीत १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेला गेलेल्या आजीचं पांढरं लुगडं नातवानं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. त्यानं ते आम्हाला दिलं नाही, आणि देऊ नये असंच मी म्हटलं. फोटो काढला, त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि 'वस्तू घरीच' असा शेरा मारून नोंद केली. संग्रहालयात वस्तूच असली पाहिजे असं नाही, नोंदही असू शकते.

घेण्याआधी कायदा

इथं चार गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. वखरताना किंवा पाया खणताना जमिनीतून नाणी, ताम्रपट, दागिने निघाले तर ते आपले नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत गाडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ही नुसती कटकट समजू नका. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याचा इतिहास मोठ्या प्रमाणात ताम्रपटांवरूनच उभा राहिला आहे, रिद्धपूरचा वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा ताम्रपट त्यांतलाच. असा एखादा पत्रा सोनाराकडे वितळला तर एक अख्खं राजघराणं वितळल्यासारखं.

दुसरा १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं त्याच्या कक्षेत येतात. मूर्ती, चित्रं, पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी लागते. शेतातली भंगलेली मूर्ती उचलून खोलीत आणू नका. जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. महानुभाव घरांतून सांकेतिक लिपीतल्या पोथ्या निघतात, त्याही आधी जाणकाराला दाखवा.

तिसरं, शिंगं आणि कातडी. वाड्याच्या भिंतीवरचं सांबरशिंग कितीही प्रेमानं दिलं तरी घेऊ नका. वन्यजीव कायद्याखाली त्याला मालकीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते बहुतेकांकडे नसतं. चौथं, तलवार-बंदूक. त्याचा प्रश्न आधी पोलीस ठाण्यात विचारा, वस्तू नंतर.

बाकीच्या वस्तूंसाठी साधं दानपत्र करा. देणाऱ्याचं नाव, वस्तूचं वर्णन, तारीख, "ही वस्तू माझ्या मालकीची असून संस्थेला कायमची देत आहे" हे वाक्य, दोन साक्षीदार. शक्य असेल तिथं घरातल्या दुसऱ्या भावाची सहीसुद्धा घ्या. एकदा थोरल्यानं दिलेला हंडा धाकटा परत न्यायला आला होता, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. 'सध्या ठेवा, लागली तर नेऊ' अशा बोलीवर वस्तू घेऊ नका. आमच्याकडे अशी एकच आहे. तिच्याविषयी शेवटी सांगतो.

रजिस्टर

आता मूळ मुद्दा. जाड पुठ्ठ्याचं, शिवलेलं, छापील पानक्रमांकाचं रजिस्टर घ्या. सुटी पानं नकोत, फक्त कॉम्प्युटरवरची यादीही नको. न पसरणाऱ्या काळ्या शाईनं लिहा. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा, व्हाइटनर लावू नका. दर महिन्याला पानांचे फोटो काढून दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा.

क्रमांकाची पद्धत सोपी ठेवा: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी आणि त्या देणगीतली कितवी वस्तू. २०२३.७.२ म्हणजे २०२३ मधल्या सातव्या देणाऱ्याची दुसरी वस्तू. एकदा दिलेला क्रमांक वस्तू हरवली तरी दुसरीला द्यायचा नाही.

नोंद कशी हवी ते एक नमुना दाखवूनच सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही असं लिहिलं होतं: "तिफण, लाकडी, जुनी." तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, आणि ही नोंद कोणत्याही गावातल्या कोणत्याही तिफणीला चालेल. नंतर देणाऱ्या बाबांना पुन्हा बसवलं आणि लिहिलं ते असं:

"तीन दात्यांची तिफण. खोड बाभळीचं, दांडी सागाची. मधला दाता बदललेला, लाकडाचा रंग वेगळा. नळ्या बांबूच्या, एक चिरलेली, सुतळीनं आवळलेली. चाडं (बी सोडायची वाटी) वेगळं, त्याचा काठ आतून गुळगुळीत झिजलेला, उजव्या बाजूला जास्त. ज्वारी आणि पऱ्हाटीला वापरली. चाड्यावर मूठ देणाऱ्याची आई धरायची. ती गेल्यावर बहीण. मागून सरत्यानं (मागे बांधलेल्या वेगळ्या नळीनं) तूर पेरायची काकू. गावच्या सुताराने बलुत्यावर केली, वर्ष आठवत नाही, पण 'मी शाळेत जायच्या आधी'. ट्रॅक्टरनं पेरणी सुरू झाली तेव्हापासून गोठ्यात."

उजव्या बाजूची झीज ही बाबांनी नाही, त्यांच्या बहिणीनं दाखवली. मनगट तिथं टेकतं म्हणे. मी ती तिफण चार महिने पाहत होतो, मला ते दिसलं नव्हतं. म्हणून नोंद करताना वस्तू वापरणारं माणूस समोर हवं, आणि शेतीच्या निम्म्या अवजारांच्या बाबतीत ते माणूस बाई असतं.

नावं जशी बोलतात तशीच लिहा. आमच्याकडे डवरा म्हणतात तर 'कोळपे' लिहू नका. कंसात हवं तर द्या. मापं सेंटिमीटरमध्ये, लांबी-रुंदी-उंची याच क्रमानं. मोडतोड असेल ती आज लिहा, नाहीतर उद्या ती तुमच्या माथी येते. आणि ऐकीव गोष्टीपुढे "असं सांगतात" हे दोन शब्द घाला. आष्टी आमच्याच वर्धा जिल्ह्यातलं. तिथं १६ ऑगस्ट १९४२ ला 'भारत छोडो' आंदोलनात जे घडलं त्याचा अभिमान घराघरात आहे, त्यामुळे कोणतीही जुनी काठी 'बेचाळीसची' होते. काठी घ्या, गोष्ट लिहा, सांगणाऱ्याचं नाव लिहा. शिक्कामोर्तब करायची घाई नको.

क्रमांक वस्तूवर कसा टाकायचा? कापडाला सुती फीत शिवा. कागदावर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलनं. लाकूड-धातूवर न दिसणाऱ्या जागी पारदर्शक वार्निशचा छोटा पट्टा, तो वाळल्यावर त्यावर शाईनं आकडा, वरून पुन्हा एक हात. मार्करनं थेट लिहू नका, स्टिकर तर नकोच. स्टिकर पडतो आणि त्याचा चिकटा राहतो.

कागदाचं वय ओळखणं

हा माझा आवडता भाग, थोडा रेंगाळतो. विदर्भातल्या कागदाला तारीख नसली तरी त्याचा शिक्का बोलतो. 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' असेल तर तो १९०३ ते १९५० मधला. 'मध्यप्रदेश' असेल तर १९५० ते १९५६; तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होती, हे आजच्या पोरांना सांगितलं की ती हसतात. 'मुंबई राज्य' असेल तर नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६०. शाळेच्या दाखल्यावर 'जनपद सभा' (तेव्हाची स्थानिक स्वराज्य संस्था) असेल तर १९४८ नंतरचा आणि जिल्हा परिषदा येण्याआधीचा, म्हणजे १ मे १९६२ पूर्वीचा. रक्कम आणे-पैमध्ये असेल तर बहुधा एप्रिल १९५७ आधीची, 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या सात वर्षांतली. शके असेल तर ७८ मिळवा. नदीपलीकडच्या जुन्या कागदावर फसली सन (महसुली वर्ष) दिसला तर ५९० मिळवा, एखादं वर्ष मागंपुढं धरून.

निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे शब्द दिसले तर कागद नीट पाहा. गुरं कुठं चारायची, सरपण कुठून आणायचं, तलावाच्या पाण्यावर हक्क कोणाचा, गावाचे सामाईक हक्क त्यात लिहिलेले असतात. मूळ प्रत महसूल खात्याकडे असते, घरात नक्कल सापडते. नक्कलही संग्रहात घ्यावी अशीच असते.

अगदी अलीकडचे कागदही सोडू नका. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायच्या योजनेच्या पावत्या घराघरात पिना मारून ठेवलेल्या असतात: गाडी किती क्विंटल, प्रत कोणती, चुकारे कधी. पुलगाव-आर्वी छोट्या रेल्वेचं एखादं तिकीट पोथीत खूण म्हणून सापडतं.

सांभाळणं

सगळ्यात मोठी चूक आमची. अशाच पंधरा पावत्या आम्ही हौसेनं लॅमिनेट करून आणल्या. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक आता निघत नाही. दोन पावत्यांवरची शाई पसरली ती पसरलीच. कागदाला लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, स्टेपल नाही. गंजलेली टाचणी हळूच काढा, कागद आडवा ठेवा आणि प्रत्येकाला आम्लरहित कागदाचं पाकीट द्या. पाहायला मागणाऱ्याला झेरॉक्स नाही, स्कॅन दाखवा. छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, हात फोटोच्या कडेलाच लागू द्या.

पितळ-तांबं चिंच, राख किंवा पावडरनं घासून चकाकवू नका. त्या काळ्या थरातच वय असतं, आणि कोरलेलं नाव घासून घासून जातं. लोखंडाला ऑइलपेंट नको. कोरड्या मऊ ब्रशनं सुटा गंज झाडा, कोरडं ठेवा, लागलं तर मेणाचा अगदी पातळ हात. लाकडाला पॉलिश नको. कापड घड्या घालून ठेवलं की घडीवरच फाटतं. पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेला मांजरपाट गुंडाळा आणि त्यावर कापड गुंडाळा. डांबराच्या गोळ्या कपड्याला चिकटून नकोत, बंद खोलीत माणसालाही त्या बऱ्या नव्हेत.

घुणाचं सांगतो. लाकडी नंदीखाली पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर आत किडा जिवंत आहे. औषध फवारण्याऐवजी गावातल्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर मागा. वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट बंद करायची, उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर ओल वस्तूवर धरते. रंगवलेलं लाकूड, काच, हस्तिदंत यांना हा उपाय करू नका. आमचा आंब्याच्या लाकडाचा बिनरंगी नंदी कुल्फीच्या शेजारी पंधरा दिवस राहिला. दुकानदारानं गिऱ्हाइकांना दाखवून दाखवून आमची फुकट जाहिरात केली.

वाळवीसाठी एकच नियम: कोणतीही वस्तू जमिनीला आणि भिंतीला टेकलेली नको. वीतभर उंचीचे लोखंडी स्टँड, भिंतीपासून हातभर अंतर. रॅकच्या मागे मातीची रेघ चढतेय का, हे आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन पाहा.

खोली

आता खोली. गळकं छप्पर आधी, रंग नंतर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, म्हणून पश्चिमेची खिडकी जाड पडद्यानं झाका. ऊन थेट कापडावर किंवा कागदावर पडता कामा नये. पावसाळ्यात कोरड्या दिवशी खिडक्या उघडा, ओल्या दिवशी बंद ठेवा. कूलर लावू नका, तो खोलीत पाणीच भरतो. सगळ्या वस्तू एकदम मांडू नका. तिसरा हिस्सा मांडा, बाकी नीट ठेवा आणि पोळ्याला, दिवाळीला बदला.

पाट्या छोट्या असू द्या, पन्नास-साठ शब्दांच्या. "प्राचीन काळी शेतकरी" अशी सुरुवात नको. कोणाची, कोणत्या वस्तीतली, कशासाठी, आणि वापरणाऱ्याचं एखादं वाक्य त्याच्याच बोलीत. अक्षर मोठं हवं, कारण वाचायला सत्तरीतली माणसं येतात आणि चष्मा घरी विसरून येतात.

वर्षाची मोजणी

मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, रजिस्टर हातात घेऊन एकूणएक वस्तू मोजा. दोघांनी मोजा: एक वाचणार, दुसरा वस्तूवर हात ठेवणार. जागा बदलली असेल तर लिहा, नवीन तडा असेल तर लिहा.

गेल्या वर्षी मोजणीत सगळं जुळलं, एक सोडून. तिफणीचं चाडं जागेवर नव्हतं. चाड्याचं दानपत्र झालंच नव्हतं, देताना बाबा म्हणाले होते, "चाडं राहू द्या तुमच्याकडं, लागलं तर नेईन." घरी गेलो तर ते अंगणात कडुलिंबाच्या सावलीत चाडं पुसत बसले होते. ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही, धुऱ्याकडचा तुकडा बैलानंच पेरतो म्हणाले. रजिस्टरमध्ये 'पेरणीसाठी नेले' अशी नोंद करून सही घेतली. जुलैत त्यांनी ते स्वतः आणून दिलं. भोकात तुरीचे दोन दाणे अडकलेले होते, ते मी काढले नाहीत. नोंदीत मात्र लिहिले.